जावयाच्या व्हॅनचं इंजिन

इंजिनाची किंमत आधी लिहून टाकतो, म्हणजे माझ्यामागे कोणी "म्हाताऱ्याला फुकटात मिळालं" म्हणायला नको. फायनान्स कंपनीच्या लिलावात व्हॅनचा सांगाडा चौदा हजारांना घेतला. मागचा एक्सल, दारं, सीटा आणि उरलेल्या काचा विकून अकरा हजार परत आले. म्हणजे कागदावर इंजिन, गिअरबॉक्ससकट, तीन हजारांना पडलं. त्यात माझ्या चार बरगड्या, उजव्या खांद्याचं हाड, गॅरेजचं शटर आणि माझ्या लेकीचा पुढचा एक दात मिळवावा. एवढं महाग इंजिन मी जन्मात घेतलेलं नाही.

ही किंमत चुकती करून मी, या गॅरेजचा मालक आणि मुख्य मिस्त्री, वय वर्षे सदुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात डावा आहे, अक्षराला हसू नये. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी केली आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. ते आले तेव्हाचा आवाज खिडकीतून ऐकून मी त्यांना सांगितलं की तुमच्या स्कूटरचा टॅपेट वाजतोय. दोघंही पास झालो. माझ्यावर कोणाची धमकी किंवा दडपण नाही. धमकावणारा सध्या कोठडीत आहे. गुरुवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. बरगड्यांच्या आत रक्त साचलंय ते काढायचंय. इंजिन उघडल्यावर काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, तेव्हा व्यवस्था आधीच केलेली बरी.

कलम १. गॅरेजवरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या एकुलत्या एका लेकीला देत आहे. खोल्यांना रस्त्यावरून जिना नाही, गॅरेजमधूनच वर जावं लागतं. ही अडचण आहे असं तिची आई जन्मभर म्हणत आली. आता ती सोय आहे. वर जाणाऱ्याला आधी खालच्यांच्या हातातल्या पान्यांसमोरून जावं लागेल.

कलम २. बँकेतली शिल्लक लेकीची. त्यातून शटर नवं घ्यावं, जाड पत्र्याचं. माझ्या धाकट्या भावाला मी काही देत नाही आणि त्याचं कारण लिहून ठेवतो. वडील गेले तेव्हा लेथ मशीन कोणाचं यावरून आम्ही दोघं याच फरशीवर झोंबलो. मी त्याचं नाक फोडलं, त्याने माझ्या डाव्या कानाची पाळी दातांनी तोडली. ते मी कधीच माफ केलं. उरलेल्या कानांनी मी त्याच्यापेक्षा जास्तच ऐकतो. माफ न करण्यासारखं त्याने आता केलं. हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून, माझ्याच सफरचंदाच्या फोडी खात म्हणाला, "दादा, मिटवून टाक. गॅरेजमधली ती काळी गाडी विकू, जावयाला इंजिनाचे पैसे देऊ, म्हणजे तो आपल्यावरची तक्रार पुढे ओढणार नाही आणि पोरगी पुन्हा नांदायला जाईल."

मी म्हणालो, "तू जा नांदायला."

कलम ३. हत्यारं, वेल्डिंगचं गॅसकिट, चेन-पुली आणि लेथ माझ्या वेल्डरला. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला वेल्डिंग येत नव्हतं आणि मला माणसाशी बोलणं येत नव्हतं. भिंतीवर खिळ्याला टांगलेला जुना फॅनबेल्ट मात्र जाळून टाकावा. माझे उस्ताद चूक झाली की त्या पट्ट्याने पाठ सोलायचे. नवा बेल्ट बसवून घेतला की जुना मारायला ठेवायचे, म्हणायचे, "बेल्ट कधी वाया जात नाही." धंदा त्यांच्याकडूनच शिकलो, पण मार खाल्ला म्हणून शिकलो हे खोटं. मार खाताना मी फक्त मार खात होतो.

कलम ४. ही हकिकत मृत्युपत्रात का, तर पुढची कलमं तिच्याशिवाय कळणार नाहीत.

लेक फोनवर म्हणाली, "सगळं सुखरूप आहे, अप्पा." एवढंच. पण त्या दोन्ही 'स'मधून वारा सुटत होता, गॅस्केट गेलेल्या इंजिनासारखा. मी विचारलं, "दात वरचा की खालचा?" ती म्हणाली, "वरचा." मी म्हणालो, "निघ."

ती आली ती हातात पिशवीसुद्धा न घेता. ओठ फाटलेला, मनगटावर पाच बोटं उमटलेली, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. वेल्डरने तिला स्टुलावर बसवलं, बर्फ आणला. मागोमाग जावयाची डिलिव्हरी व्हॅन गल्लीत शिरली. तिचा आवाज मी वळणावरच ओळखला, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर तळापर्यंत. ब्रेकचा आवाज यायला हवा होता तिथे आला नाही. मी शटर ओढत होतो. शटर, मी आणि व्हॅन तिघंही एकदमच आत आलो. बरगड्या मोडतात तेव्हा सुकी फांदी मोडल्यासारखं वाजतं, हे पुस्तकात लिहितात ते खरं आहे. व्हॅनचं तोंड मागच्या भिंतीवर आपटून चपटं झालं. काचा पावसासारख्या पडल्या. तो दार लाथेने उघडून उतरला, कपाळावरून रक्त वाहतंय, आणि माझ्याकडे न बघता सरळ तिच्याकडे गेला. तिचे केस मुठीत धरून म्हणाला, "बाप मेला तुझा. चल घरी."

मग, चार बरगड्या मोडलेल्या असतानाही, मी उठलो, चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली आणि एका घावात त्याचं कोपर फोडलं. दुसरा घाव घालावा लागला नाही.

कलम ५. काळी गाडी. ती मी भंगाराच्या प्रेसखालून ओढून काढली होती. छप्पर चेपायला वरून लोखंड उतरतच होतं. तिच्या मूळ इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला, पोटातून सुरा पार व्हावा तसा. नवं मूळ इंजिन मिळत नाही, आणि मिळतं त्याच्या भावात दुसरं गॅरेज येतं. व्हॅनचं इंजिन मात्र पुढच्या सीटखाली असतं. म्हणून व्हॅनचं थोबाड फुटलं, चालवणाऱ्याचं कपाळ फुटलं, पण इंजिनाला ओरखडा नाही. जावयाने हप्ते थकवले होते, कंपनीने सांगाडा विकला, मी पावती घेऊन विकत घेतला. तो कोठडीतून निरोप पाठवतो की इंजिन त्याचं आहे. चोराच्या उलट्या बोंबा. पावती नेहमीच्या कागदांच्या डब्यात नाही, लेकीकडे आहे.

मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर काम पुढीलप्रमाणे पुरं करावं. पैसे कमी आहेत, म्हणून जिथे वाचवायचं आणि जिथे नाही ते नीट वाचावं.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सोडवू नयेत. जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जोडायची प्लेट बनवून घेण्यात इंजिनापेक्षा जास्त पैसे जातात. गिअरचा दांडा चार बोटं मागे येईल, तिथे फरशीचा पत्रा कापावा. इंजिन व्हॅनमध्ये तिरकं झोपलेलं होतं, गाडीतही तेवढंच तिरकं बसवावं. शोभेसाठी सरळ केलं तर तेल एका बाजूला बसेल आणि ते उपाशी मरेल.

तेलाचा संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या तुळईला टेकतो. तेव्हा संप कापून पुन्हा वेल्ड करावा, क्रॉस मेंबर कापू नये. कोट बसत नाही म्हणून कोणी खांदा कापत नाही. माप घेताना गाडी चारी चाकांवर उभी असावी आणि पुढे दोन माणसं बसवावीत. जॅकवर घेतलेलं माप हे लग्नाआधी ऐकलेल्या स्तुतीसारखं असतं, वजन पडलं की खोटं ठरतं. जावयाबद्दल चौकशी मीच केली होती, तीही जॅकवरच.

मागची चाकं फिरवणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, आखूड करून बॅलन्स करून घ्यावा. इथे एक पैसाही वाचवू नये. वेगात सुटलेला शाफ्ट फरशी फोडून आत येतो. त्याने एका ड्रायव्हरची टाच नेलेली मी पाहिली आहे. ती टाच बुटातच राहिली होती. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक नवे करावेत. रेडिएटर जुनाच, धुऊन घ्यावा. रंग देऊ नये. रंगाने गाडी पळत नाही.

कलम ६. इंजिन बसल्यावर गाडी लेकीच्या मालकीची होईल, परंतु चावी आणि कागद वेल्डरकडे राहतील, जावई या शहरात आहे तोवर. कारण लिहिणं मला जड जातं, तरी लिहितो. ती याआधी तीन वेळा माहेरी आली आणि तीन वेळा परत गेली. तो दाराशी येऊन रडतो, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो, आणि ही पिशवी भरते. आता त्याला जामीन मिळेल. तो येईल, रडेल, आणि ही त्याच्या हातात चावी देईल. मग माझ्या बरगड्यांवरून आलेलं इंजिन त्यालाच घेऊन जाईल, शेजारच्या सीटवर तिला बसवून. एवढं होऊ नये म्हणूनच हे मृत्युपत्र आहे. बाकी सगळी कलमं भरतीची आहेत.

कलम ७. जाणते सांगतात की ज्याला काहीच दिलं नाही तो "माझं नाव लिहायला विसरले" म्हणून कोर्टात जातो. मी विसरलेलो नाही. जावयाला व्हॅनचा हॉर्न देत आहे. शटर फोडून भिंतीपर्यंत तो वाजतच होता.

वाचन. वरील मजकूर मी वेल्डर आणि डॉक्टर या दोन साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. लेक खाली इंजिनाच्या माउंटिंगला भोकं पाडत होती. ड्रिलचा आवाज चौथ्या कलमाला थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही. मी वाचून संपवलं तेव्हा वेल्डरने पेन टेबलावर ठेवलं.

"मालक, चौथ्या कलमावर मी सही करत नाही."

"का? अक्षर लागत नाही?"

"अक्षर लागतं. माणूस चुकलाय."

डॉक्टर खिडकीबाहेर स्वतःच्या स्कूटरकडे बघत राहिले. लेक जिना चढून वर आली, कोपरापर्यंत काळी, ड्रिल हातातच.

"अप्पा, पोलिसांना तुम्ही जे सांगितलंत ते माझ्यासाठी. केस माझ्यावर येऊ नये म्हणून. कबूल. पण मग टायरवाल्याला सांगितलंत, नर्सला सांगितलंत, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला सांगितलंत, ते कोणासाठी?"

मी म्हणालो, "सांगता सांगता बसत गेलं ते, पोरी."

"तीन वेळा परत गेले ते खरं. तेवढं माझ्या नावावर लिहिलंत. चौथ्या वेळी जे केलं ते स्वतःच्या नावावर घेतलंत. आणि वर चावी वेल्डरकाकांकडे?"

वेल्डर म्हणाला, "मला नको चावी. मला झोप लागणार नाही."

मी म्हणालो, "पोलिसांना कळलं तर तुझ्यावर—"

"कळलंय. काल जबाब देऊन आले. खरा. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, केस धरून ओढत होता, बाप मेला म्हणत होता, तर टॉमी कोणीही उचलेल. पुढचं कोर्टात बघू." तिने ड्रिल माझ्या कागदांवर ठेवलं. "तो येऊन रडेल. रडू दे. पण चावी माझ्या खिशात नसेल तर त्या इंजिनात मी मूठभर वाळू टाकीन, मग बसा लिलावाची पावती वाचत."

इंजिनात वाळू हे शब्द ऐकून डॉक्टरही दचकले. मी तिच्याकडे बघितलं. नवा दात अजून बसवलेला नाही, त्यामुळे शब्दांतून वारा अजून सुटतोच आहे. पण आवाज हलत नव्हता. मी आयुष्यभर इंजिनं ऐकली. हा भार पडल्यावरचा आवाज होता आणि तो भार घेत होता.

म्हणून कलम ६ संपूर्ण खोडलं आहे. काळी गाडी, तिची चावी, कागद आणि इंजिन नंबरची नवी नोंद माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लेकीची. संप ती स्वतः कापेल, वेल्डर जोडेल.

हे सर्व मी समजून-उमजून, दुखत्या छातीने आणि मोकळ्या मनाने लिहिलं. यानंतर माझ्या नावे कोणी दुसरा कागद पुढे केला तर त्यावरची सही उजव्या हाताची आहे का तेवढं बघावं.

ठिकाण: गॅरेजवरची पुढची खोली
दिनांक: ९ जून, सोमवार, दुपार

लिहून ठेवणार: गॅरेजमालक (डाव्या हाताची सही)

साक्षीदार पहिला: वेल्डर, याच गॅरेजमधला. सही खालील दुरुस्ती वाचल्यानंतर केली.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. लिहून ठेवणाऱ्याची शुद्ध तपासली, ठीक आढळली.

खाडाखोडीचा खुलासा: कलम ४ मधील शेवटचा परिच्छेद खोडला असून समासात माझी छोटी सही आहे. त्या जागी असं वाचावं: टॉमी लेकीने उचलली आणि घाव तिनेच घातला. मी त्या वेळी व्हॅनखाली होतो आणि माझ्या पँटचा पट्टा सायलेन्सरला अडकला होता.