मेकच्या पुढचा शब्द

४ मार्च

बोलले! अर्धांगाचा झटका आल्यापासूनचा ह्यांचा पहिला शब्द. आणि तोही इंग्रजी!

बोलणं परत शिकवायला येणारी थेरपीवाली मुलगी म्हणाली, 'मेक द–' आणि ह्यांच्या तोंडून निसटलाच – 'बेड!' तिने टाळ्या वाजवल्या. माझं नाव नाही, पाणी नाही. बेड! तरी मी रडलेच.

५ मार्च

तिने नीट समजावलं. शब्द गेलेले नाहीत, वाट बुजलीय. काही शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. एक पुढे केला की दुसरा त्याच्या मागोमाग येतो. ह्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून सुरुवात 'मेक'पासून. 'काकू, तुम्ही रोज अर्धं म्हणायचं, उरलेलं काकांना म्हणू द्यायचं. हे पहिले काही महिनेच हातात आहेत, बरं का! नंतर अवघड होत जातं.'

म्हणजे आता मी मास्तरीण. हसावं की रडावं!

९ मार्च

मेक टी. मेक मनी. मेक अ प्रॉमिस. पटापट येतात. चहा मी करायचा, शब्द ह्यांचा.

आज नुसतं 'मेक अ–' म्हटलं. लगेच, खणखणीत – 'मिस्टेक!' आणि हसले. तोंड एका बाजूला वाकडं झालंय, पण हसू तेच.

लग्न नवं असताना पाहुण्यांसमोर मी 'डू मिस्टेक' म्हणाले होते. तेव्हापासून तोच विनोद! माहेरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, नव्या सुनेसमोरसुद्धा. 'आमच्या बाईसाहेब मिस्टेक डू करतात!' सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढे चार माणसांत इंग्रजीच काय, मराठीही मोजूनमापून बोलायला लागले. ह्यांना माझं नाव आठवत नाही, हे मात्र आठवतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

१० मार्च

सराव घेतला नाही. कंटाळा.

१४ मार्च

मुलाचा फोन. 'आई, बाबांचा सराव घेतेस ना?'

'हो रे, रोज.'

नऊ तारखेनंतर एकदाही घेतला नव्हता. जीभ जराही अडखळली नाही.

घरात काय शांतता आहे! भाजीत मीठ कमी पडलं, कुणी टोकलं नाही. दुपारी रेडिओ लावला आणि बरोबरीने गायले. शब्द चुकीचे. मोठ्याने!

२२ मार्च

थेरपीवाली येऊन गेली. तिने कितीदा सुरुवात करून दिली, एक शब्द आला नाही. जाताना माझाच हात धरला – 'काकू, तुम्ही एवढ्या राबताय, मनाला लावून घेऊ नका.'

मी मान खाली घातली.

२३ मार्च

सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. एकदम माझं मनगट धरलं. ओठ जुळवत राहिले, घाम फुटला, आणि निघालं एकदाचं – 'मेक अ...' थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पुढचं मी म्हणावं म्हणून.

मला येत होतं. मी वरचं बटण लावलं.