लारस, मी एकटीच बाजारात निघालेय

लारस, घर रिकामं दिसलं तर घाबरू नकोस. मी नव्या चाकांच्या खुर्चीतून बाजारात सोयाबीनचं टेम्पे आणि मिरच्या आणायला गेलेय, एकटीच.

दुकानात तू मागून ढकलायच्या जड खुर्चीसाठी हटून बसलीस. "आई, ढकलायला मी आहे ना!" म्हणालीस. पण ही हलकी आहे, पाठ दुखत नाही आणि चाकं माझ्याच हातांनी फिरतात. सकाळी उंबऱ्याशी अडले, मग उलटी वळून फळीवरून अलगद उतरले. शेजारच्या बू सुमिनी म्हणाल्या, "आता काय बाई, तुम्हाला कोण धरून ठेवणार!"

माझ्या अपघातापासून तू सुराबाया शहरातली नोकरी पुढे ढकलतेयस, हे मला ठाऊक आहे. आज तिथल्या लोकांना फोन कर आणि येते म्हणून सांग.

— आई