गोफणीनं उडवलेला पाहुणा

पवनार, मंगळवार, २० जानेवारी, संध्याकाळ

वैशाली, तुझी आजी सांगते तसंच लिही. मधात तुझं शहाणपण नको.

माझी ही नात तीन दिवसांपासून धाम नदीच्या काठी दुर्बीण घेऊन बसून राह्यली. पांढऱ्या काठाच्या शेपटीचा एक पक्षी तिले ओझरता दिसला. जिल्ह्याच्या यादीत तो नाई म्हणते. फोटो पाहिजे, नाहीतर कोणी मानत नाई.

आज सकाळी तो आपल्या ज्वारीवर बसला होता. शेपटी पांढऱ्या काठाचीच, मी नीट पाह्यली. अन् मग काय केलं? गोफण फिरवली! जन्मभर राखण केलेला हात, तो डोक्याले विचारत बसते काय? गोटा लागला नाई, एवढंच बरं. पाखरू नदीपार गेलं.

दिवसभर मी गप्प राह्यली. काऊन? पोरीचं तोंड उतरंल म्हणून, का माझीच लाज वाटली?

इथं हिचा पेन थांबला. मले वाटलं, आता रडते. तर म्हणते, "आजी, म्हणजे तो अजून इथंच आहे!" अन् हसून राह्यली.

उद्यापासून राखण बंद. खाऊ दे पाखराईले ज्वारी. घरात कोणी विचारलं तर सांगजो, आजीचे गुडघे दुखून राह्यले.