एक वर्ष, नवा कपडा नाही

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ९.
काल मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एका शर्टापायी किती पाणी जातं ते कळलं. हादरलो. निर्णय झाला : आजपासून वर्षभर या घरात एकही नवा कपडा येणार नाही.
कामिनीला सांगितलं. ती म्हणाली, तीस तारखेला दीपकचं लग्न आहे, एकुलत्या एक भावाचं. मी काय नेसू? म्हटलं, आहे त्यातलं. 'बरं' म्हणाली. वाद नाही, रुसवा नाही. बायकोला पटवून देणं ही कला आहे. माझ्याकडे ती आहे.

१० नोव्हेंबर.
ऑफिसात जाहीर केलं. अकाउंट्समधल्या रोनकच्या घरचं साड्यांचं दुकान आहे. म्हणाला, सर, मग आम्ही शटर ओढू का? त्याला स्लो फॅशन समजावली : कमी घ्यायचं, जास्त वर्षं वापरायचं. म्हणाला, दिवाळीनंतर आमचं स्लोच असतं. मग म्हणे, आपली कंपनी प्लास्टिकचे पाईप बनवते, त्याचं काय? पाईप कोणी अंगात घालत नाही, असं सुनावलं. कॅल्क्युलेटरकडे वळला. पटलं असावं.

१३ नोव्हेंबर.
बेंगळुरूहून पार्सल आलं. ऑरगॅनिक कापसाचा कुर्ता आणि बांबूच्या धाग्याचे मोजे, चार जोड. ही खरेदी नव्हे, चळवळीला पाठिंबा. कापूस जळगाव जिल्ह्यातला, असं लेबलवर छापलंय. म्हणजे इथून बेंगळुरूला गेला आणि विमानानं परत आला. लोकलच म्हणायचा.
कामिनी म्हणाली, नवा कपडा येणार नव्हता ना? म्हटलं, हा जबाबदार कपडा आहे. सोबत विणकराचा फोटो होता, तो दाखवला. फोटो छान आहे म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.
कामिनी कालच धुळ्याला माहेरी गेली. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, लग्नघर सांभाळायला तीच. कपाट साफ करायला उत्तम संधी.
खालच्या खणात धक्कादायक प्रकार. अकरा साड्या, घडीसुद्धा न मोडलेल्या! प्रत्येकीला टाचणीनं चिठ्ठी. शिवाय जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड, त्यालाही चिठ्ठी. धोतर उघडलं नाही. उघडलं की मोह होतो.
गल्लीत भांडीवाली लताबाई आलीच होती. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते. शिकलेले लोक याला रिसायकलिंग म्हणतात. तिनं विचारलं, भाऊ, हाई बठ्ठं नवंच शे ना? अक्काले इचारं का? म्हटलं, कामिनीला कशाला विचारायचं? या घरात निर्णय मी घेतो. सगळं दिलं. पातेलं मिळालं. झाकण देत नव्हती, घासाघीस करून मिळवलं.
चिठ्ठ्या मात्र काढून ठेवल्या. पाठकोऱ्या आहेत, संकल्प लिहायला होतील. कागदासाठीही झाडं तोडतात.

१८ नोव्हेंबर.
शेजारच्या नूतन वहिनी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला गेल्या. डॉक्टरकडे, म्हणाल्या. हातात दोन मोठ्या पिशव्या. रिपोर्ट असतील. माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या उपक्रमाची बातमी पसरते आहे.

२० नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
सातवा संकल्प लिहून झाला आणि चिठ्ठी उलटी पडली. कामिनीचं अक्षर : 'पाचोऱ्याच्या मामी, घरभरणी. पाचोऱ्याला द्यायची नाही.' बाकीच्याही अशाच. म्हणजे त्या आहेरात आलेल्या, आहेरात द्यायच्या साड्या. कोणाकडून आली ते लिहायचं, म्हणजे त्याच घरी परत जात नाही. काही साड्या दहा वर्षं अशाच घरोघर फिरताहेत. व्हिडिओत हे नव्हतं.
शेवटची चिठ्ठी : 'आईचा शालू. दीपकच्या लग्नात मी नेसणार. हात लावू नये.'
मी शालूला हात लावलाच नव्हता. धोतराला लावला होता.

२१ नोव्हेंबर.
ऑफिसातून लवकर निघून नशिराबादला लताबाईच्या घरी. ती फेरीवर, भुसावळकडे. नवरा नथ्थू ओट्यावर बसलेला. म्हणाला, माल काय घरमां ऱ्हास का भाऊ? गया व्हई. त्याच्या आवाजात खेद अजिबात नव्हता.
परतताना नूतन वहिनी दारात. भाऊजी, काही हरवलं का? म्हटलं, छे.

२३ नोव्हेंबर, रविवार.
लताबाई गल्लीत आली नाही. गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदाच.

२४ नोव्हेंबर.
कामिनीला फोन केला. बोलता बोलता विचारलं, आईंच्या शालूचा रंग कोणता गं? म्हणाली, डाळिंबी. का हो? म्हटलं, सहज. मग म्हणाली, दीपकला हळद लागेल तेव्हा आई नसेल. निदान तिचा शालू तरी असेल.
नव्या पातेल्यात खिचडी केली होती. खाली लागली. जेवलो नाही, ते त्यामुळेच.

२६ नोव्हेंबर.
रोनकच्या दुकानात गेलो. डाळिंबी शालू घेतला. आहेराच्या अकरा साड्याही. रोनकचे वडील दलिचंदभाईंनी दोनदा चहा पाजला. रोनक म्हणाला, सर, पाऊण तासात बारा साड्या. ही फास्ट फॅशन ना?
संकल्प मोडलेला नाही. हे नवे कपडे नव्हेत, नुकसानभरपाई आहे. शालू जुना वाटावा म्हणून चार वेळा घडी मोडून परत घातली.

३० नोव्हेंबर, रविवार. धुळे.
सकाळी बारा साड्यांची बॅग घेऊन एस.टी.नं पोचलो. ऑरगॅनिक कुर्ता असा चुरगळला की सासऱ्यांनी, कौतिकनानांनी, चारचौघांत विचारलं, जावईबापू, टपावर बसीसन उनात का? म्हटलं, नाही, आत सीटवर बसून आलो.
कामिनी दारातच उभी. ना 'प्रवास कसा झाला', ना 'चहा घेता का'. म्हणाली, चिठ्ठ्या आणल्या का?
लताबाई दुसऱ्याच दिवशी, सतरा तारखेच्या सोमवारी, सगळं घेऊन परत आली होती. मी ऑफिसात होतो. नूतन वहिनींना म्हणाली, असा शालू कोनी पातेलावर देस का? भाऊले समजत नही, अक्काले द्या. दोन मोठ्या पिशव्या. रिपोर्ट नव्हते.
म्हणजे कामिनीला बारा दिवस माहीत होतं. म्हटलं, मग फोनवर बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही काही विचारलंच नाही. रंग तेवढा विचारलात.
शालू हिरवा आहे. डाळिंबी फक्त फोनवर होता. ती तो नेसून मांडवात आली, तेव्हा नानांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मीही बाहीनं चेहरा पुसला. ऑरगॅनिक कापूस पाणी चांगलं शोषतो, एवढी नोंद करतो.
चिठ्ठ्या माझ्या डायरीतच होत्या. त्या साड्यांना परत टाचल्या, देताना काढल्या. एक राहिली. दीपकच्या आत्याबाईंनी साडी उलगडली आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली : 'संकल्प ३. घरातला कचरा बाहेर काढायचा.' मग विचारलं, अक्षर कोणाचं? कामिनीनं माझ्याकडे बोट केलं. तिला इतकं हसताना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

१ डिसेंबर. जळगाव.
लताबाईला पातेलं परत केलं. झाकण विसरलो होतो, तिनं मागून घेतलं.
नव्या बारा साड्या खालच्या खणात गेल्या. कामिनीनं प्रत्येकीला चिठ्ठी टाचली. डाळिंबी शालूवरची वाचली : 'ह्यांची खरेदी. कोणालाही द्यावी. ह्यांनी हात लावू नये.'
चिठ्ठी पाठकोरी आहे. जानेवारीत संकल्पाला होईल.