हिमालय व्हाया ट्रेनिंग

४ मार्च, बुधवार

ठरलं. मेच्या शेवटी हिमाचल, बारा दिवस, दोन नॅशनल पार्क. पहिलं कुल्लूच्या बाजूचं: मोनाल पक्षी, भरल मेंढ्या. दुसरं स्पितीतलं: आयबेक्स रानबकरे, आणि दिसलाच तर हिमबिबट्या. ग्रुप निहार जमवतोय, इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता. त्याने फोनवर विचारलं, घरी विचारलंस का. मी म्हटलं, सत्ताविसाव्या वर्षी घरी विचारत नाहीत, सांगतात.

उद्या सांगणार.

५ मार्च

सांगितलं. जेवताना. मेच्या शेवटी बारा दिवस बाहेर जाणार आहे, एवढं अगदी स्वच्छ आवाजात. बाबांनी बांगड्याचा काटा बाजूला काढत विचारलं, "कित्याक?"

उत्तर तयार होतं. पण आईने हातातला डाव खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे, दिल्लीला.

नीट तपासलं तर यात फारसं चूक नाही. दिल्लीला मी जाणारच आहे, पुढची बस तिथूनच सुटते. चढाई म्हणजे एक प्रकारचं ट्रेनिंगच. 'ऑफिसचं' हा एक शब्द तेवढा चुकला. आमच्या कामात याला मायनर बग म्हणतात. नंतर दुरुस्त करतात.

८ मार्च

बाबा तीन दिवस शीळ घालतायत.

कारण आज कळलं. मी दोन वर्षं घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी पाण्याच्या मीटरचं सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि कळवायच्या, हे माझं काम. गावात यावर कोणाचा विश्वास नाही. शेजारचे दत्ताराम काका बाबांना येता-जाता माझ्याबद्दल विचारतात, "भाई, चेडू अजून घराकच?" बाबा हायस्कूलमधून क्लार्क म्हणून रिटायर झाले. माझी नोकरी खरी आहे हे त्यांना माहीत आहे, पण लोकांना दाखवायला हातात काही नव्हतं. ऑर्डर नाही, डबा नाही, साहेब नाही. आता दिल्ली आहे.

संध्याकाळी दुकानात मी मागे अंडी घेत उभी होते. पुढे बाबा सांगत होते, "कंपनी काय अशीच कोणाकय दिल्लीक बोलवता?"

पुढच्या रविवारी खरं सांगणार. रविवारी बाबा निवांत असतात.

१५ मार्च, रविवार

सांगितलं नाही. बाबा निवांत होते म्हणूनच. इतक्या निवांत माणसाला त्रास देणं बरोबर वाटेना.

त्याऐवजी व्यायाम सुरू केला. आमच्या गावातून पाठीवर सॅक घेऊन चाललं तर दहा जण विचारतात, म्हणून स्कूटरने तोंडवलीच्या किनाऱ्यावर गेले. तिथे मला कोणी ओळखत नाही. सॅकमध्ये दहा किलो तांदूळ. वाळूत दम लागतो, म्हणजे उंचीवरच्यासारखाच सराव.

जाळ्यातले मासे सोडवत बसलेली एक बाई म्हणाली, "तू भाईंचा चेडू मां गो? पाठीर काय घेतलंस?" मी म्हटलं, तांदूळ. तिने शेजारणीला विचारलं, "हंयसर रेशन गावता काय गो आता?"

१६ मार्च

आईपर्यंत पोचलं. तिने स्वतःच अर्थ लावलाय: कंपनी जड लॅपटॉप देणार, त्याची सवय करतेय. मी नाही म्हटलं नाही. न नाकारणं आणि खोटं बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

तांदूळ डब्यात परत ओतले. थोडी वाळू गेली असावी.

२९ मार्च

व्यायाम तीनदा झाला. एकदा ऊन होतं, एकदा भरती, एकदा किनाऱ्यावर सोलकढी चांगली मिळाली. निहारला लिहिलं की तयारी वेळापत्रकाप्रमाणे. वेळापत्रक बदललं आहे, त्यामुळे हे खरं आहे.

५ एप्रिल, रविवार

तळेऱ्याहून मामा आले. चेहरा उतरलेला. त्यांची मुलगी किशोरी मैत्रिणींबरोबर उत्तराखंडात डोंगर चढायला जाणार म्हणते, तिला बाबांनी चार शब्द सुनावावेत, अशी त्यांची अपेक्षा.

बाबा म्हणाले, "जांव दे तिका. पाय चलतत तवसर बघून घेवक व्हया. आमी खंय गेलंव? माका तर फोंडाघाट चढताना गाडी लागता." मग माझ्याकडे वळले. "तू पण खरां तर असां कायतरी करूक व्हया गो. पण तुझ्या मागे काम."

हीच वेळ होती. मी मामांना पाणी आणायला उठले. मामांच्या पुढ्यात पाणी होतं.

म्हणजे जी परवानगी मिळणार नाही असं धरून मी हे सगळं रचलं, ती मिळणार होती. मेजर बग. जेवण गेलं नाही. आईला म्हटलं, पित्त आहे.

७ एप्रिल

शांतपणे विचार केला. आता खरं सांगितलं तर बाबांना हिमालयाचं काही वाटणार नाही. वाटेल ते दुकानाचं. दत्ताराम काकांना पुन्हा जाऊन काय सांगायचं, याचं. म्हणजे मी गप्प बसतेय ती स्वतःसाठी नाही. हे लिहून ठेवल्यावर जरा बरं वाटलं. अर्धा तास टिकलं.

१९ एप्रिल, रविवार

बाबा सकाळी म्हणाले, देवळात जाऊन येऊ. नारळ ठेवायचा असेल असं वाटलं. देवळात दत्ताराम काका, आई, शेजारपाजारचे पंधरा-वीस जण, आणि गाऱ्हाणं घालायला खुद्द दाजी, म्हणजे गावातल्या कुठल्याही शुभकार्याचे पहिले मानकरी.

दाजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज भाईंच्या ह्या चेडवाक कंपनीन दिल्लीक ट्रेनिंगाक बोलवल्यान हा. तां ट्रेनिंग पुरा करून घी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "वाटेत कोणी आडवो इलो, कोणी तिका दुसरीकडे व्हरूक बघल्यान, तर तेका थंयच अडव रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा."

तो दुसरीकडे नेणारा म्हणजे निहार. सगळ्यांच्या आवाजात माझाही होता. बाबांनी कोपराने ढोसलं म्हणून.

बाबांचे डोळे पाणावले होते. धुराने, म्हणाले. उदबत्ती दूर होती.

२० एप्रिल

आईला स्वयंपाकघरात गाठून सांगायला सुरुवात केली. आई, त्या ट्रेनिंगचं ना. आई म्हणाली, "भिया नको. गाराणां घातलां हा आता." मी म्हटलं, बरं.

आता ही गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. आमच्यात याला नोन इश्यू म्हणतात: चूक आहे हे सगळ्या टीमला माहीत असतं, काम पुढे चालू ठेवतात. इथे टीममध्ये मी एकटीच.

२ मे

गोव्यातल्या मोपाहून विमान, २३ तारखेचं. पंधरा किलो सामान चालतं. सॅक भरून बघितली: बारा किलो. उत्तम.

संध्याकाळी दत्ताराम काका आले. त्यांचा सर्वेश दिल्लीत असतो, बायको शर्मिलासह. काकांनी त्याला कळवलंय. तो विमानतळावर घ्यायला येईल, बारा दिवस त्यांच्याचकडे राहायचं. "हॉटेलात कित्याक? घर आसताना." बाबांनी त्यांचे हात हातात घेतले. दोघांचं दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तरी प्लॅन शाबूत आहे. सर्वेश शिकलेला, तिशीतला माणूस. विमानतळावर त्याला खरं सांगणार, तो हसेल, संध्याकाळची बस पकडणार. दिल्लीत बोलणं सोपं जातं, तिथे कोणी ओळखीचं नसतं.

१६ मे

पार्सलं यायला लागली. सर्वेशसाठी कोकमाचं आगळ, हापूस दोन डझन, मालवणी मसाला, खाजा, आणि काकींनी तळलेले फणसाचे गरे, त्यांच्या नातवाला आवडतात म्हणून. सॅकमधून स्लीपिंग बॅग काढली. मग बूट. बूट पायात घालून जाता येतील.

आईला पिसांचं जाड जॅकेट दिसलं. "मे म्हयन्यात?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच उत्तर दिलं, "मोठ्या ऑफिसात एसी लय असता." आणि बाहेर जाऊन दत्ताराम काकांनाही सांगून आले.

जॅकेट ठेवलं. आंबे भरल्यावर वजन वर गेलं, जॅकेट काढलं.

२२ मे

निहारला कळवलं, उद्या रात्रीच्या बसला मी असणार. शंभर टक्के.

बाबांनी माझ्या बुटांना पॉलिश केलं. ट्रेकिंगचे बूट आहेत, त्यांना पॉलिश करत नाहीत. पण चमकतायत. बघवत नाहीत.

२३ मे, शनिवार. दिल्ली

सर्वेश बाहेर फोन समोर धरून उभा होता. फोनवर बाबा, आई, काका, काकी, मागे दाजी. "पोचलंस?" म्हटलं, पोचले. सर्वेशने माझी सॅक उचलली आणि वाकून म्हणाला, "वासान गाव इलो गो." गाडीत तो सिग्नलला चष्मा काढून पुसत होता. त्याला अडवून कसं सांगणार.

ठरवलं, जेवल्यावर सांगू. शर्मिला वहिनीने बांगड्याचा तिखला केला होता. मुलाने गरे संपवले. त्याची खोली मला दिली, तो सोफ्यावर. जेवण आटपेपर्यंत बसची वेळ झाली. निहारचे सात मिस्ड कॉल.

हरकत नाही. पहिले दोन दिवस उंचीची सवय करण्यातच जातात. उद्याच्या बसने गेले तरी चालेल.

२५ मे, सोमवार

काल रविवार, सर्वेश घरी. आज तो म्हणाला, ऑफिसला जाता जाता सोडतो, सेंटर कुठे आहे? मी नकाशावर एक मोठी काचेची इमारत दाखवली. त्याने तिच्यासमोर सोडलं आणि मी आत जाईपर्यंत थांबला. सिक्युरिटीने विचारलं, कुणाकडे. मी म्हटलं, बाथरूम.

बाकीचा दिवस मॉलच्या फूड कोर्टात. शर्मिला वहिनीचा डबा खाल्ला. तिने घडीच्या पोळीखाली चिठ्ठी ठेवली होती: ऑल द बेस्ट. डबा अर्धाच गेला.

निहार पुढे निघाला. ग्रुपला थांबवता येत नाही, हे त्याचं बरोबर आहे.

२७ मे

तापमान चव्वेचाळीस. दिल्ली समुद्रसपाटीपासून दोनशेएक मीटर उंच आहे, आमच्या गावापेक्षा बरीच.

रजा रद्द करून घेतली. रिकामं बसून अपराधी वाटत होतं, म्हणून फूड कोर्टात बसून मीटर तपासतेय. आता ऑफिसचं काम, दिल्लीत. पहिल्या दिवशी चुकलेला तो शब्दसुद्धा जवळजवळ बरोबर आला. मग इतकं वाईट का वाटतंय, ते कळत नाही.

२९ मे

निहारने फोटो पाठवला. राखाडी उतार, राखाडी दगड. त्यातल्या एका दगडाला शेपूट आहे, असं त्याचं म्हणणं. मोठा करून खूप वेळ बघितला. दिसलं.

३१ मे, रविवार

सर्वेशच्या मुलाला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलो. अस्वल सावलीत झोपलेलं. मुलाने विचारलं, आत्या, तुझ्या ट्रेनिंगला सुट्टी कधीच नसते का? म्हटलं, आज आहे की. संध्याकाळी सर्वेशला सांगायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "तुझ्यामुळे बाबा माझ्याशी रोज बोलायला लागलेत. आधी महिन्यातून एकदा." सांगितलं नाही.

२ जून, मंगळवार

परवा विमान. बाबांचा फोन, आवाजावरून कळलं की स्पीकरवर ठेवलाय. मागे दत्ताराम काका खोकले. बाबा म्हणाले, "काय काय शिकवल्यानी, सांग बघू हेंका."

मीटरचं सांगायला गेले, सुचेना. निहारने निघण्याआधी ग्रुपला पाठवलेल्या सूचना तेवढ्या पाठ होत्या. त्याच सांगितल्या. एका दिवसात फार चढायचं नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर लपवायचं नाही. बरोबरच्या माणसाला लगेच सांगायचं. जितका उशीर, तितकं खाली येणं अवघड.

मग काका म्हणाले, "ह्यां पाण्याच्या मीटराचा?" बाबा म्हणाले, "मोठ्या कंपनीत माणसान कसां वागूचां तां पयलां शिकवतत. मीटर मगे."

काकांनी ते मान्य केलं असावं, कारण बाबांनी स्पीकर बंद केला. आवाज खाली आणून म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं तर ते माझ्याबरोबर येणार. गाडी लागली तरी चालेल. "तुझां ऑफिस एकदा बघूचां आसा माका. आत येवचंय नाय. भायर बाकार बसान रवतलंय."

मी म्हटलं, या.

मग त्यांनी विचारलं, ट्रेनिंग साधारण केव्हा असतं. म्हटलं, दर मे महिन्यात.