फासाचं तोंड

सोमवार

अथ उशीप्रकरणम्. या घरातली उशी ही उशी नसून गतजन्मीची वीट आहे, अशी तक्रार मी पूर्ण गांभीर्यानं नोंदवून ठेवतो. बाकी सारं झकास. साडूंची रोपवाटिका महिनाभर सांभाळायची आणि रोपं कुरतडणारे ससे आवरायचे. निघताना साडूंनी शिकवलं : गवत दबलेली वाट शोधायची, ती अरुंद होते तिथं तारेचा फास टांगायचा आणि ससा येणार त्या बाजूला दोन्हीकडे काड्या रोवायच्या, नरसाळ्यासारख्या. म्हणजे स्वारी आपसूक फासात. सशांना शब्दरूपं शिकवत बसू नका, पंडित, असा टोमणाही मारला. आमची ही शनिवारी येते आहे.

मंगळवार

कुंपणाशी लेंड्या दिसल्या, तिथं फास लावले. एक ससा मिळाला. साडूंना ऐटीत फोन केला, तर म्हणाले, आंधळा असेल बिचारा.

बुधवार

विहिरीच्या वाटेवर एक फास. माझा नव्हे. तार नाही, केसांचा पीळ; आणि टांगलेला माझ्या मानेच्या उंचीवर. साडूंना सांगितलं. आसपास कुणी राहत नाही म्हणाले. या वेळी चेष्टा केली नाही, परत जा म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. पळायला मी ससा नाही. फास कापून शेगडीत टाकला.

गुरुवार

आज विहिरीशी, मोरीशी, लाकडांच्या खोपीशी. कुणीतरी माझ्या चालण्याचा अभ्यास करतंय. करू दे. मोठ्यानं शब्दरूपं म्हणत सगळे कापले. ऐकू दे त्यालाही.

शुक्रवार

फोन लागत नाही. कापले त्याहून जास्त उगवलेत. दारातच बसलोय, कोयता मांडीवर. ये म्हणावं समोर.

शनिवार

आज सगळे फाटकाच्या वाटेवर. दोन्हीकडे काड्याही; नीट पाहिल्या. नरसाळ्याचं रुंद तोंड घराकडे नाही — फाटकाकडे. आत येणाऱ्यासाठी. आणि फास माझ्या मानेहून वीतभर खाली —

मला धरायचंच नव्हतं. मी दारात बांधलेलं आमिष.

कापून आलो. खिडकीतून पाहतो तर पुन्हा —

माझं काय व्हायचं ते होवो, मी भीत नाही त्याला. भीती हिच्यासाठी वाटते. एवढंच खरं. पुढं जाऊन थांबवीन, पण मी दिसलो की ती आजूबाजूला न बघता भरभर —

फाटकाची कडी वा